दोन थाळ्यांमधली फट

वहिनीच्या हाताला मूळची सवय तांब्याच्या तारेची. लग्न होऊन आली तेव्हा घरात पंख्यांच्या जळक्या मोटारी यायच्या. सासूशेजारी बसून तीही वेटोळी भरायला शिकली. पुढं मैदानांवर बसून चालवायची गवतकापणी यंत्रं आली आणि त्यांच्या पोटाखालचे, पाती इंजिनाला जोडणारे-सोडणारे विजेचे क्लच तिच्या पुढ्यात येऊन पडू लागले. नवरा पात्यांना धार लावी. क्लचला मात्र दुसऱ्या कुणी बोट लावलेलं तिला खपायचं नाही.

लावलं ते तिच्या धाकट्या दिरानंच. तो शाळेच्या मैदानावरचं यंत्र चालवायचा. उंच गवतात शिरलं की पाती मान टाकू लागली, जळकट वासही सुटला. वहिनी क्लचचे तीन नट फिरवते, एवढं त्यानं पाहून ठेवलेलं. आवळलं की पक्कं होतं, हे ज्ञान सायकलीच्या चाकावरचं. घेतला पाना आणि तिन्ही नट पिळले. पाती अशी फिरू लागली की गड्याची छाती फुगली. यंत्र हाकत तो थेट वहिनीच्या शेडमागच्या गवतात आला.

"वहिनी, दुकानाला कुलूप लावा आता."

"का हो भावजी? तुम्ही उघडलंत वाटतं?"

"बघा तर खरं."

दोन फेऱ्या झोकात मारल्या. तिसरीला ओल्या गवताचा बोळा गवत पडायच्या तोंडाशी अडकला. त्यानं पात्यांचं बटण बंद केलं, ब्रेक ओढला, इंजिन तसंच धडधडत ठेवून उतरला आणि बोळा उपसायला वाकला.

"हात मागे घ्या."

वहिनीचा आवाज चढलेला नव्हता. पण तो जागीच थिजला. ती आली, शेडच्या भिंतीला टेकवलेला खराटा उचलला आणि त्याचा शेंडा त्या तोंडात सारला. कराकरा आवाज होऊन काड्यांचा भुगा त्याच्या पायावर उडाला.

बटण बंद होतं. पाती फिरत होती.

वहिनीनं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"नट कुणी आवळले?"

त्यानं खिशातला पाना काढून तिच्या पुढ्यात ठेवला.

यंत्राची पुढची बाजू उचलून तिनं खाली ठोकळे दिले, त्यालाही शेजारी आडवं व्हायला लावलं. "ही वरची थाळी इंजिनाबरोबर फिरते. ही खालची पाती फिरवणाऱ्या पट्ट्याची. वेटोळ्यात वीज आली की खालची उडी मारून वरचीला चिकटते, पाती फिरतात. वीज गेली की तिनं सुटून ब्रेकवर बसायचं. तुम्ही तिला सुटायला जागाच ठेवली नाहीत."

"मग आधी पाती दम का सोडत होती?"

तिनं तारेचा जोड उपसून त्याच्या नाकासमोर धरला. आत हिरवा गंज. "वेटोळ्याच्या पोटाला वीज मिळत नव्हती. उपाशी गड्याचा पट्टा आवळला तर त्याचं पोट भरतं का?"

जोड घासून लख्ख केला. मग फट मोजायच्या फिलर गेजची पोस्टकार्डाहून थोडी जाड पट्टी त्याच्या हातात दिली. "ही क्लचच्या कडेच्या खिडकीतून थाळ्यांच्या मधे घाला. हलकीशी घासली पाहिजे, अडकता कामा नये. तिन्ही खिडक्यांत सारखी."

नट सैल करत, पुन्हा जरा आवळत, त्यानं पट्टी सरकवली. घाम नाकावरून कानात उतरला. मग तिनं इंजिन बंदच ठेवून क्लचला बॅटरी जोडली.

टक्.

लोखंडाची जाड थाळी वर चिकटलेली. कुणी ढकललं नव्हतं, दोरी नव्हती, हात नव्हता. तार काढली, टक्, सुटली. त्यानं न सांगता पुन्हा जोडली, पुन्हा काढली. वर्षभर तो या गोष्टीवर बूड टेकून बसत होता.

"वहिनी, हे तुम्ही रोज बघता?"

"रोज." ती थाळीकडेच बघत होती. "अजून कळत नाही मला, तिला बोलावणं पोचतं कसं. वेटोळी मी स्वतः भरलीत, तरी नाही कळत."

तारेचा जोड जागेवर बसवून, यंत्र खाली उतरवून त्यानं चालू केलं. पाती घुमली, गवत उडालं. बटण बंद करताच घुमणं तुटलं आणि खाली सगळं शांत झालं. ओल्या गवताचा बोळा पुन्हा तोंडाशी आलेला. तो कान देऊन बसून राहिला. मग त्यानं इंजिन बंद केलं, किल्ली काढून खिशात घातली, खिसा वरून एकदा चाचपला आणि मगच वाकला.