काचेवरचे देवीचे पाय

बोईसरच्या इंदुबाईंची नजर काचबिंदूने गेली, पण कुलदेवीच्या दर्शनाची ओढ काही गेली नाही. म्हणून भाची वैभवीने टॅबलेटवर देवीचं चित्र तयार केलं. त्यावर बोट फिरवलं की काच थरथरायची आणि मुकुट, नथ बोटाला कळायची.

"मावशी, लाव बोट."

"थांब गं, हातपाय धुऊन येते."

हात जोडून इंदुबाईंनी चौकट चाचपली आणि अगदी खाली बोट टेकलं. काच गुळगुळीतच!

"अगं, देवी कुठंय?"

"वर चेहऱ्याकडे ने ना."

"वेडी का काय! आधी पाय धरायचे."

पायांना थरथर द्यायची राहूनच गेली होती. वैभवी ती घालायला बसली.

"दगडासारखे गार लागतील का गं?"

"नाही मावशी, नुसती थरथर."

"थरथर तर थरथर. कशी असते, कळू दे तरी!"