बाबांचे दोन सांगाडे

ओल्या प्लास्टरचा वास आला की मी अजून आधी स्वतःच्या पायाची बोटं हलवून बघतो. मी बारावीत होतो. बाबा भिलाईच्या स्टील प्लांटमधून येताना रुआबांधा वस्तीजवळ स्कूटरवरून पडले, नडगीचं हाड मोडलं आणि पायाला एवढं प्लास्टर चढलं, की तेवढ्यात आमच्या क्वार्टरला दोनदा गिलावा झाला असता. दुसऱ्या दिवशी त्यांच्या त्या पायाची बोटं जांभळासारखी निळी पडली. "तू बायोलॉजी करून राहिला ना? सांग मले, असं कावून झालं?" आई ओरडली. मला तर फक्त झुरळाचा पाय पाठ होता. माणसाच्या पायाचं पान मी उघडलंही नव्हतं. चाचरत म्हणालो, "झुरळाचा सांगाडा बाहेर असते, आपला आत. बाबाले आता दोन्ही झाले. सुजलेलं मांस दोन्हीच्या मधात चेंगरून राहिलं." "बापाले झुरळ म्हणते!" बाबा कण्हत कण्हत गरजले; पण आईने तोवर ऑटो बोलावला होता. दवाखान्यात डॉक्टरांनी करवतीने प्लास्टर उभं चिरलं, तेव्हा त्या आवाजाने भिलाईतल्या साऱ्या भट्ट्या गप्प झाल्या असाव्यात. मी बाबांच्या पायाच्या अंगठ्याकडे पाहत राहिलो. शेवटी तो हलला. आज हा किस्सा मी चारचौघांत हवा तसा फुगवून सांगतो. फक्त अंगठा हलेपर्यंतचा तो वेळ मला कधी फुगवावा लागत नाही.