मामांची चिनी चिमणी

आमच्या वसमतच्या मामांइतका चित्रातल्या रिकाम्या जागेला जीव लावणारा माणूस उभ्या हिंगोली जिल्ह्यात सापडायचा नाही. त्यांची उमेदीची वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेली. मग फ्लेक्स आले, पाट्यांचा धंदा बसला, आणि मामा मोबाईलवर एका चिनी म्हाताऱ्याकडून फुला-पाखरांची चित्रं शिकू लागले. म्हातारा चिनीत बोले आणि मामा "व्हय, बराबर" म्हणून मान डोलावत. पातळ कागद, काळी शाई, कुंचल्याचा एकच फटकारा. पुसायचं नाही, गिरवायचं नाही. कुंचल्याला शेळीचे मऊ केस लागतात असं कळल्यावर शेजारची शेळी बरेच दिवस अर्धवट हजामत झाल्यासारखी हिंडत होती. एकदा बगळा काढायला म्हणून ते सिद्धेश्वरच्या धरणावर गेले. काठावर इतके निश्चल बसले, की मासे धरणाऱ्यांनी कुणी साहेब समजून त्यांना चहा पाजला. संध्याकाळी कागदावर नुसता एक पाय!

"बाकीचा बगळा?" मी विचारलं.

"उडाला."

मामी आतून म्हणाल्या, "आन् पाय तुमच्यापाशी ठिवून गेला व्हय?"

त्यांची लेक कुरुंद्याला दिलेली. व्याह्यांनी नवं घर बांधलं आणि बैठकीच्या भिंतीवर पिसारा फुलवलेला मोर काढून द्या, असा निरोप धाडला. घरभरणीच्या आदल्या दिवशी मामा, मामी आणि मी गेलो. मामांनी दुपारभर भिंतीकडे टक लावली, मग कोपऱ्यात एक फांदी आणि फांदीवर एक चिमणी काढून हात धुतले.

"पाव्हणे, बाकीचं कवा करता?" व्याह्यांनी विचारलं.

"झालं की."

"आन् मधलं सारं रिकामं?"

"रिकामं काहून? आभाळ हाय ते."

"उद्या सारा गाव जेवायला येऊन राहिला. लोक म्हणतील, रंग सरला!"

आतून विहीणबाईंचा आवाज चढला, "सुनेच्या बापाला एक मोर जमंना?" लेक दारात मान खाली घालून उभी. मामी हळूच म्हणाल्या, "आवो, पोरीसाठी तरी."

संपलेल्या चित्राला मामा पुन्हा हात लावत नसत. त्या दिवशी त्यांनी कुंचला पुन्हा भिजवला. मोर मात्र नाहीच काढला. त्याच फांदीवर, जरा अंतर ठेवून, दुसरी चिमणी बसवली.

"मोर एकटाच नाचतो, पाव्हणे. ह्या दोघी बोलून राहिल्या."

"काय बोलून राहिल्या?"

"ते म्या कसं सांगू? घरातल्या गोष्टी हायत."

व्याही पोट धरून हसले. विहीणबाई चिमण्या पाहायला बाहेर आल्या त्या सुनेला जवळ ओढूनच. दुसऱ्या दिवशी जेवणावळीपेक्षा जास्त गर्दी त्या भिंतीसमोर होती, आणि चिमण्या काय बोलत असतील यावर म्हातारी माणसं हमरीतुमरीवर आली होती.

परतीच्या बसमध्ये मामा माझ्या शेजारी खिडकीशी बसले.

"दुसरी चिमणी कच्ची हाय रे," ते मला म्हणाले. "मनात नसताना काढली." आणि थोड्या वेळानं, "पण निघताना पाह्यलंस का? पोरगी तिच्यावरच हात फिरवून राहिली व्हती."

एवढं बोलून ते खिडकीबाहेर पाहू लागले. वसमत येईपर्यंत मामींनी त्यांना एकही टोमणा मारला नाही.