दोन थरांचा दात

कोपरा फाडलेलं पोस्टकार्ड धुळ्याला आलं ते भर दुपारी. जळगावचे नाना गेले, एवढंच काकूंनी कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं. खरं सांगते, डोळ्यांत पाणी यायच्या आधी माझी जीभ वरच्या पुढच्या दाताकडे गेली. आता हा तुटला तर?... सख्खा चुलता गेला आणि बाईला काळजी कशाची, तर स्वतःच्या दाताची! लाज वाटली, पण भीती लाजेला जुमानत नाही. आज दीड महिन्यानंतरही जीभ तिथेच जाते.

नाना मूळचे शिंदखेड्याचे. जळगावात उभं आयुष्य गेलं तरी बोली सुटली नाही. तिथल्याच पिंप्राळ्याला घराच्या मागच्या खोलीत विजेची छोटी भट्टी होती, त्यात ते दात भाजायचे. डॉक्टर माप घ्यायचे, नाना दात घडवायचे. सतराव्या वर्षी हापशाचा दांडा तोंडावर बसून माझा दात अर्धा उडाला, तेव्हा उरलेल्या खुंटावर त्यांनी चिनीमातीची टोपी करून दिली. आधी पांढरा, जाड, मजबूत थर भाजायचा. त्यावर पातळ, काचेसारखा दुसरा थर चढवून पुन्हा भट्टीत. दात खरा दिसतो तो या वरच्या थरामुळे. त्या दाताच्या जोरावर धुळ्याच्या मंडळींनी मला पसंत केलं. आईने बजावलं होतं, "दात खोटा आहे हे सासरी कळता कामा नये. ठरलेलं मोडेल."

लग्नाला तीन आठवडे उरले होते. पापड नाही, ऊस नाही, भरीत-भाकरी खात होते आणि तोंडात खड्यासारखं काही आलं. वरचा थर सालासारखा निघाला होता, खाली नुसता पांढराफटक थर. आई मटकन खाली बसली. नानांनी तो कपचा भिंगाखाली धरला. मग हातातल्या, चिनीमाती लावायच्या ब्रशकडे पाहून म्हणाले, "हाऊ मन्ही जीभना दोष शे, पोरी. खालना थरले थुक लागनी, मंग वरना कसा धरी?" ब्रशला टोक काढायला ते तो ओठांतून फिरवायचे, तेही गालात तंबाखू असताना. दोन थरांना सांधणारं दुसरं काही नसतं, फक्त आग. मध्ये बोटाचा तेलकटपणा किंवा थुंकीचा ओशटपणा राहिला की आगही हात टेकते. त्यांनी त्याच साच्यावर नवा दात केला, तोंडाला रुमाल बांधून. "हा तरी टिकेल ना?" मी विचारलं. "भट्टीले ठाऊक. मी काय सांगू?" एवढंच उत्तर. त्या दिवसापासून मी नीट जेवले नाही.

आणि लग्नात विडा तोडायची वेळ आली. नवरीने पुढच्या दातांत विडा धरायचा, नवऱ्याने अर्धा दातांनी तोडायचा, भोवती बायकांची हसाहसी. ह्यांनी जोराने ओढलं आणि दात गेला तर सगळ्या मांडवासमोर... समोर नाना उभे होते, एक हात बंडीच्या खिशात घालून. भर मांडवात तंबाखू शोधतात, म्हणून मला त्यांचा रागच आला. विडा तुटला. दात राहिला.

त्यानंतर अकरा वर्षं नाना दर दिवाळीला धुळ्याला यायचे. दारातच म्हणायचे, "हास बरं, पोरी." मी ओठ मिटून हसायचे, तर म्हणायचे, "तसं नई, चांगली हास." मी ती माया समजत होते.

नानांच्या दिवसांसाठी पिंप्राळ्याला गेले तेव्हा खिळ्यावर तो रुमाल तसाच होता. काकूंनी तपकिरीची एक रिकामी डबी हातात दिली. "धुळाले जावानं म्हणजे हाई डबी त्यासना खिसामा ऱ्हायेच." आत कापसावर एक दात होता, माझ्या दातासारखा दुसरा. त्याच साच्यावरचा, आणि काकू म्हणाल्या, त्याच आठवड्यात भाजलेला. म्हणजे मांडवातही खिशातल्या हाताच्या मुठीत हाच होता... मी एकटीच भीत होते असं नाही. माझ्याइतकेच नानाही भीत होते, आणि त्यांनी ते मला कधी कळू दिलं नाही.

आता ही भीती वाटून घ्यायला कुणी उरलं नाही. हे मी लिहिलेलं छापून आलं तर सासरी कळणारच. म्हणून आधी हे कागद ह्यांच्या हातात दिले आणि शेजारी डबी ठेवली. वाचून होईपर्यंत पदराचं टोक मी मुठीत आवळून बसले होते. शेवटचं पान उलटलं. ह्यांनी डबी उघडून पाहिली, परत मिटली, आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "हास बरं."

मी अजून ओठ उघडलेले नाहीत.