कप जिंकून देणारी पायरी

बर्फावरच्या हॉकीतलं मला आजही ओ की ठो कळत नाही. तरी ऐंशीच्या दशकातली एक अख्खी फायनल सिरीज मी बेसमेंटच्या पायरीवर उभी राहून पाहिली आहे. चार सामने आधी जिंकेल त्याचा कप. पहिल्याच सामन्याला मी खाली टीव्हीपुढे बसलेल्या ह्यांच्यासाठी चहा घेऊन उतरत होते. खालून दुसऱ्या पायरीवर पाय पडला आणि आमच्या संघाचा गोल झाला. ह्यांनी मागे न बघताच हात वर केला. "हलू नकोस गं. तिथंच उभी राहा."

आमच्या लहानपणी रेडिओवर क्रिकेटची कॉमेंट्री लागली की घराघरात हेच चालायचं. विकेट पडताना जो जिथे असेल तो तिथेच खिळायचा. हे इकडे परदेशात, कनाटा नावाच्या गावातल्या टेलिकॉम कंपनीत चांगल्या हुद्द्यावर, शिकलेसवरलेले, पण ही खोड सोबत घेऊन आलेले. पुढचे सगळे सामने मी त्याच पायरीवर काढले. वर पोळी करपली तरी सुटका नाही. संघ जिंकला तेव्हा हे मराठी मंडळाच्या पॉटलक जेवणात सांगत सुटले, "कप हिनं जिंकून दिला." मला राग आला होता आणि आवडलंही होतं.

शेवटच्या सामन्याची व्हिडिओ कॅसेट ह्यांनी जपून ठेवली. दोन हजार सतराच्या हिवाळ्यात घरातली तेवढी एकच गोष्ट ह्यांना ओळखू यायची. आठवण पार गेली होती. मला 'बाई' म्हणायचे, कामाला येणारी समजून. केअर होममध्ये एक खोली रिकामी झाली होती आणि ह्यांना तिथे ठेवायचं का, ते संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. सकाळीच मुलाचा फोन आला. "आई, ही डझन्ट नो यू एनीमोर. जस्ट से येस." संध्याकाळी सांगते, म्हटलं. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. मी कुकर लावला.

दुपारी ह्यांना कॅसेट लावून दिली. हे सोफ्याच्या अगदी कडेला बसले, सामना आत्ता चालू असल्यासारखे. पहिला गोल कधी येतो ते मला पाठ झालं आहे. मी चहा घेतला आणि मुद्दाम त्या पायरीवर जाऊन थांबले. वेडेपणाच तो, पण मला बघायचंच होतं.

गोल झाला. हात वर गेला. "हलू नकोस गं. तिथंच उभी राहा."

मी उभी राहिले. चहा गार झाला, गुडघा ठणकायला लागला. आनंद व्हायला हवा होता. पण आतून सगळं बधिर होतं, काहीच वाटेना. मुलाला नाही म्हणून सांगायचं, एवढं मात्र ठरवून टाकलं.

खेळाडूंनी कप उंचावला, कॅसेट संपली. हे वळले, मला बघून दचकले आणि संकोचानं उठून उभे राहिले.

"अहो बाई, तुम्ही अजून इथेच? घरी वाट बघत असतील ना कोणी?"

"हो. मिस्टर असतात."

"मग निघा आता. बाहेर स्नो वाढतोय. त्यांना काळजी लागली असेल."

मी गार चहा ह्यांच्यापुढे ठेवला, वर गेले आणि मुलाला फोन करून हो म्हटलं.