शाफ्टवरचा ओरखडा

आमचे हे मोटारसायकलचे मिस्त्री. गॅरेज म्हणजे घराचीच पुढची खोली. शटर वर केलं की गॅरेज, खाली ओढलं की घर. पस्तीस वर्षं मी इथे रॉकेलमध्ये पार्ट धुतेय, त्यामुळे माझी नखंही ह्यांच्याइतकीच काळी. ह्यांचा स्वभाव म्हणाल तर जमदग्नी. ह्यांच्या हाताखाली टिकले ती एकटी मीच, तीही पळून जायला माहेर उरलं नाही म्हणून.

ह्यांचा एक नेम होता. इंजिनाचं ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, काढलं की त्यात फिरणाऱ्या शाफ्टच्या लोखंडी दांड्यावर अंगठ्याचं नख गोल फिरवायचं. डोळ्यांवर भरवसा नाही, नखावर. नख अडकलं म्हणजे ओरखडा आहे, आणि ओरखडा असला की नवं सील घालूनही तेल गळणारच. सील काढायला स्क्रू ड्रायव्हर खुपसून शाफ्ट ओरबाडणाऱ्याला तर हे दारात उभं करत नसत. दात काढायला कुऱ्हाड आणलीस का, असं विचारायचे.

शेजारच्या गल्लीतले मास्तर त्यांची जुनी गाडी घेऊन आले. साखळीच्या पुढच्या दातेरी चाकामागून, स्प्रॉकेटमागून, तेल गळत होतं. त्या गाडीचं सील अजून मिळायचं, शाफ्ट मात्र बाजारातून कधीच नाहीसा झालेला.

आतलं सील वाळून हाडासारखं झालं होतं. ह्यांनी रीतसर बारीक भोक पाडलं, त्यात स्क्रू पिळला आणि पक्कडीने ओढला. नुसता स्क्रूच हातात आला. दुसरं भोक, तीच गत. तिसऱ्या वेळी पक्कड निसटली, आणि ती पडल्याचं ह्यांना आवाजावरून कळलं. मग ह्यांनी स्क्रू ड्रायव्हर उचलला. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा.

सील निघालं. नख फिरवून हे म्हणाले, गुळगुळीत आहे. मला मात्र बसल्या जागेवरून ओरखडा चकाकताना दिसत होता. एरवी माझी जीभ कुणाला ऐकत नाही, पण त्या दिवशी दातखीळ बसली मेली. म्हटलं, ह्यांचं नख सांगतंय, तर माझेच डोळे गेले असतील.

तिसऱ्या दिवशी मास्तर परत. पुन्हा नवं सील, पुन्हा नख, पुन्हा गुळगुळीत. ह्यांनी सील विकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. चार दिवसांनी मास्तर तिसऱ्यांदा दारात. रागावले नाहीत बिचारे, नुसता तेलाने माखलेला बूट दाखवला आणि गाडी ठेवून गेले.

त्या बुटाकडे बघताना मला एकेक आठवायला लागलं. चहाचा वाफाळता पेला हे मुठीत धरून बसायचे, मला वाटायचं कातडी जाड आहे. सदऱ्याची बटणं अलीकडे मलाच लावायला सांगायचे, मला वाटायचं म्हातारपणी लाडात आलेत. वेडी मी.

ह्यांनी सील काढलं आणि नख फिरवलं. फिरवतच राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "अगं, तू बघ जरा."

कामातलं काही मला विचारायची ही पहिलीच वेळ. मी नख फिरवलं, ते अर्ध्यावर अडकलं. नाही अडकत, असं म्हणावंसं फार वाटलं. पण म्हणून काय होणार, चार दिवसांनी मास्तर पुन्हा आलेच असते.

"अडकतंय," मी म्हटलं.

"कुठे?"

मी त्यांचा अंगठा धरला. गार होता. नख नेमकं ओरखड्यावर टेकवलं आणि दाबून मागेपुढे केलं.

"कुठे गं?" त्यांनी पुन्हा विचारलं.

मी अंगठा सोडला नाही. थोड्या वेळाने त्यांनीच तो काढून घेतला, फडक्याने एकेक बोट पुसलं, बघून बघून. सकाळचे अकरा वाजले होते, रस्त्यावर लख्ख ऊन होतं.

"शटर ओढ," ते म्हणाले.