बिटाचा नसलेला साबण

तिला सगळे साबणबाई म्हणायचे. आधी चिडवायला, मग सवयीनं, आणि शेवटी तिनंच ते नाव अंगाला लावून घेतलं. दारावर मुलाच्या नावाची पाटी होती. तिच्याखाली तिनं एक दिवस खडूनं लिहिलं, ‘साबणबाई मागच्या खोलीत’. मुलाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यानं ते पुसलं. दुसऱ्या दिवशी तिनं ऑइलपेंटनं लिहिलं.

बाई मूळची साबणाच्या कारखान्यातली. एकोणीस वर्षं वेष्टन विभागात उभी राहिली. एकाच कढईतला साबण पट्ट्यावरून यायचा, सकाळी त्याला चंदनाचा कागद आणि दुपारी गुलाबाचा. एकदा तिनं मुकादमाला विचारलं, “साहेब, यात चंदन कुठंय?” तो म्हणाला, “कागदावर आहे की! वाचता येतं ना?” अख्खी रांग खिदळली. ती नाही हसली. आपण आपल्या हातानं रोज खोटं गुंडाळतोय, हे त्या दिवशी तिच्या मनाला जे लागलं ते कायमचं.

पुढं कारखाना बंद पडला, नवरा गेला आणि बाई मुलाकडं राहायला आली. मागची खोली अडगळीची होती, पण तिथं नळ होता, ओटा होता आणि मोठी खिडकी होती. अजून काय पाहिजे? तिनं अडगळ काढली, वजनकाटा आणला, लाकडी साचे करून घेतले. कॉस्टिक सोडा पाण्यात टाकताना धूर निघतो म्हणून डोळ्यांना चष्मा, हातात कोपरापर्यंत मोजे. तो अवतार बघून नातेवाइकांनी येणं कमी केलं. बाईला ते बरंच झालं.

पहिल्या वर्षी फजितीच फजिती. लवंगेचं तेल घातलं तर मिश्रण डोळ्यादेखत भांड्यातच दगड झालं, आत ढवळायचा डाव उभाच्या उभा. तो काढायला हातोडी लागली. आणि बिटाचं तर विचारूच नका! तिनं चांगली टोपलीभर बिटं किसली, पिळली, लालभडक रस काढला आणि मोठ्या हौसेनं साबणात ओतला. बघता बघता लालाचा पिवळा झाला आणि पिवळ्याचा चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी. कॉस्टिकपुढं बिटाचा रंग टिकतच नाही. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, ती ते टोपलीभर बिटं वाया घालवून शिकली. गुलाबी रंग शेवटी मंजिष्ठेच्या मुळीनं दिला. पूड तेलात तीन आठवडे भिजवायची, गाळायची, मग ते तेल साबणात. असा सुरेख गुलाबी उतरायचा की सूनबाईसुद्धा म्हणाली, “आई, हा मला ठेवा एक.”

एवढ्यात मुलाला व्यायामाचं वेड लागलं. त्याला घरातल्या घरात पळायचं यंत्र हवं होतं. बाहेर एवढा लांबलचक रस्ता पडलाय, पण नाही! यंत्र मागच्या खोलीतच मावणार होतं. मायलेकांची जुंपली. शेवटी मुलगा म्हणाला, “आई, एक सरळ सांगतो. हा तुझा धंदा असेल तर मी बोलणार नाही. पण एक तरी मोठं दुकान तुझा माल ठेवतं का? ठेवलं तर खोली तुझी. नाहीतर खोली रिकामी करून द्यायची.”

“देईन,” बाई म्हणाली. “शब्द दिला.”

आणि महिन्याभरात, सूनबाईच्या मैत्रिणीकडं एक वडी बघून, मोठ्या रस्त्यावरच्या काचेच्या दारांच्या भल्यामोठ्या दुकानाची मालकीण स्वतः गाडी घेऊन दारात आली. गुलाबी वडी नाकाशी धरली, उजेडात फिरवली आणि म्हणाली, “नव्या दालनाचं उद्घाटन आहे. दोनशे वड्या द्याल? विकल्या जाईपर्यंत माल तुमचाच. वर मी ‘बिटाचा साबण’ लिहीन. सध्या लोक बिटासाठी वेडे झालेत.”

“बीट नाहीये त्यात. मंजिष्ठा आहे.”

“अहो, मंजिष्ठा कोणाला कळतंय?”

“नाही कळत तर कळवू. तुम्ही मंजिष्ठाच लिहा. बीट घातलं तर वडी तपकिरी होते, बाई. दाखवू? एक ठेवलीय अजून, फरशी धुवायला.”

मालकीण हसली. “बरं बाई, तुमच्या मनासारखं.”

मग दोन महिने त्या खोलीत दुसरं काही सुचलं नाही. खोबरेल, एरंडेल आणि मंजिष्ठा भिजवून गाळलेलं सूर्यफूल तेल मापून घ्यायचं, कॉस्टिकचं पाणी कोमट झालं की बारीक धारेनं सोडायचं, डाव उचलल्यावर मिश्रणावर रेघ राहिली की जिरेनियमचं सुगंधी तेल घालून लगेच साच्यात. दुसऱ्या दिवशी तारेनं वड्या कापायच्या आणि सहा आठवडे फळीवर मुरवायच्या. रोज सकाळी ती एकेक वडी उलटायची. मुलगा दारातून मोजपट्टी घेऊन डोकावायचा, यंत्र कसं बसेल ते बघायला. ती त्याच्याकडं ढुंकूनही बघायची नाही. सूनबाईनं सुरेख अक्षरात दोनशे चिठ्ठ्या लिहिल्या, ‘मंजिष्ठा आणि जिरेनियम’, आणि प्रत्येक वडीला दोऱ्यानं बांधल्या.

उद्घाटनाला तिघंही गेली. बाईनं ठेवणीतली साडी नेसली होती. आपल्या वड्या दुकानात कशा दिसतात हे बघायला ती इतकी अधीर झाली होती की काचेच्या दारावर आपटता आपटता वाचली. वड्या मधल्या मेजावर होत्या. दोरे नव्हते, चिठ्ठ्या नव्हत्या. प्रत्येक वडीला चकचकीत पट्टा, पट्ट्यावर कापलेल्या बिटाचं चित्र.

बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुलानं तिचं तोंड बघितलं आणि दंड धरला. “आई, आज गप्प राहा. हात जोडतो. तुझी खोली वाचलीय ना? मग?”

ती एक क्षण गप्प राहिलीही. खोली तिच्या डोळ्यांपुढं आली, तो ओटा, ती खिडकी. तेवढ्यात एका पोरगेल्या बाईनं वडी उचलली आणि विचारलं, “आजी, तुम्हीच करता ना? किती बीट घालता हो यात?”

“एक थेंबही नाही,” साबणबाई म्हणाली.

आवाज जरा मोठाच निघाला. मालकीण लगबगीनं आली. “आजींना चेष्टेची सवय आहे...”

“चेष्टा तुम्ही केलीत! हा मंजिष्ठेचा साबण आहे. बिटाचा गुलाबी साबण मला तरी करता येत नाही. तुम्हाला येत असेल तर करा आणि लावा त्याला चित्र!” असं म्हणून तिनं पहिला पट्टा फाडला. मग दुसरा.

“हे बघा,” मालकीण दातओठ खात म्हणाली, “पट्टे राहतील तर वड्या राहतील.”

“मग नाही राहत.”

बाईनं पदर खोचला आणि वड्या भरायला घेतल्या. मुलगा बाहेर जाऊन गाडीत बसला. सूनबाई मात्र खोकं धरून उभी राहिली.

घरी आल्यावर मुलगा एवढंच म्हणाला, “यंत्र सोमवारी येतंय.”

“शब्द दिलाय,” बाई म्हणाली.

रविवारभर तिनं खोली उपसली. साचे काढले, फळ्या काढल्या, ओटा घासला. मध्येच ओट्यावर डोकं टेकून रडली, अगदी हमसून हमसून. दालन गेल्याचं तिला काही नव्हतं. खोलीचं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच दार लावून घ्यायला तिला स्वतःची जागा मिळाली होती. मग तोंड धुतलं आणि उठली.

सोमवारी संध्याकाळी मुलगा कामावरून आला. मागची खोली लख्ख, रिकामी, मधोमध यंत्र. तो खूश झाला. मग दिवाणखान्यात आला आणि जागच्या जागी थबकला. टीव्हीच्या डोक्यावर फळी, फळीवर गुलाबी वड्या. शोकेसमधल्या त्याच्या बक्षिसाच्या ढाली कपाटात गेल्या होत्या, तिथं वड्या. सोफ्याच्या मागं वड्या, पुस्तकांच्या कप्प्यात वड्या. गॅलरीत चष्मा आणि मोजे घालून साबणबाई पाण्यात कॉस्टिक सोडत होती आणि सूनबाई शेजारी वजनकाट्यावर तेल मापत होती.

“आई! हे काय? तू शब्द दिला होतास!”

“खोली रिकामी करायचा दिला होता. केली,” मान वर न करता ती म्हणाली. “साबण सोडायचा नव्हता दिला. आता जरा लांब उभा राहा, डोळ्यात धूर जाईल.”